‘लेट द राइट वन इन’: कोणती डिस्क घ्यावी?

टोमास आल्फ्रेडसनचा हा 2008 चा स्वीडिश व्हॅम्पायरपट अमेरिकन डिस्कवर घ्यायचा विचार असेल, तर डीव्हीडी की ब्लू-रे हा प्रश्न नंतरचा. आधी डबा उलटा करून सबटायटल्सपुढे काय छापलंय ते बघा. नुसतं ‘इंग्लिश’ असेल तर ती मार्च 2009 ची पहिली खेप. ‘इंग्लिश (थिएट्रिकल)’ असेल तर नंतरची, आणि घ्यायची ती हीच.

झालं असं की थिएटरमध्ये दाखवलेली सबटायटल्स पहिल्या खेपेत नव्हतीच. त्यांच्या जागी नव्याने केलेली आली. वाक्यं छाटलेली, काही संवाद गायब, तिरकस विनोद सपाट. हॉररप्रेमींनी दोन्हीकडच्या फ्रेम्स शेजारी-शेजारी ठेवून हे दाखवून दिलं, बराच गदारोळ झाला आणि वितरकाने पुढच्या प्रतींवर मूळ सबटायटल्स घालायचं मान्य केलं. विकलेल्या प्रती बदलून द्यायला मात्र नकार दिला. त्यामुळे जुनी डिस्क स्वस्तात दिसली तर तिच्यात काय आहे हे ओळखूनच हात घाला.

एवढं मनावर घ्यायचं का? एरवीच्या भयपटात मी म्हटलं असतं, सोडून द्या, किंकाळीला सबटायटल लागत नाही. पण हा सिनेमा तसा नाही. स्टॉकहोमचं ब्लॅकेबर्ग उपनगर, ऐंशीच्या दशकाची सुरुवात, सगळीकडे बर्फ. शाळेत मार खाणारा बारा वर्षांचा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली रात्री इमारतींमधल्या चौकात अडखळत, दोन-चार शब्दांत बोलतात. त्यांचं नातं त्या तुटक बोलण्यातूनच उभं राहतं. तेच कापलं तर उरतो तो नुसता रक्तपात, आणि तो इथे मुळातच थोडा आहे.

अमेरिकन डिस्कवर इंग्रजी डबिंगचीही सोय आहे. तिच्या वाटेला जाऊ नका. पडद्यावर एली आहे लिना लिअँडरसन, पण आवाज तिचा नाही. आल्फ्रेडसनने मुद्दाम एलिफ जेलानचा जाडसर आवाज वापरला. हे मूल नक्की कोण आहे, किती वयाचं आहे, असा संशय त्या आवाजानेच येतो. डबिंगमध्ये तो आवाजच राहत नाही.

सबटायटल्स वाचायचा खरोखरच कंटाळा असेल तर डबिंगपेक्षा मॅट रीव्ह्जचा 2010 चा इंग्रजी रिमेक, ‘लेट मी इन’, घेतलेला बरा. कथा न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला नेली आहे. मागच्या सीटवरून दिसणारा मोटारीचा अपघात मूळ सिनेमात नाही, आणि तो अप्रतिम आहे. शिवाय मूळ चित्रपटातल्या संगणकावर बनवलेल्या मांजरांच्या हल्ल्यापासून सुटका होते. (आल्फ्रेडसनच्या भक्तांनीही तो प्रसंग डोळे मिटून काढावा.) पण रिमेक सगळं जरा जास्तच समजावून सांगतो. मूळ सिनेमा बरंच अर्धवट सोडतो, म्हणून तो डोक्यात रेंगाळतो. माझी पसंती अर्थातच त्याला.

आता व्यवहाराचं. अमेरिकेतल्या नातेवाइकांना डिस्क आणायला सांगणार असाल तर घरचा प्लेयर आधी तपासा. डिस्क ठरावीक प्रदेशाच्या (रीजनच्या) प्लेयरवरच चालते: डीव्हीडीत अमेरिका रीजन 1 आणि भारत 5, ब्लू-रेत अमेरिका ए आणि भारत सी. मल्टिरीजन प्लेयर असेल तर चिंता नाही. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर लावणार असाल तर रीजन साधारण पाचदाच बदलता येतो, त्यानंतर शेवटचा आहे तोच कायम राहतो.