अदृश्यतेचे दोन मार्ग : प्रतिमेचा अंगरखा आणि मेटामटेरियलचे कवच

टोकियो विद्यापीठात संशोधक सुसुमु ताची यांनी बनवलेल्या अंगरख्यातून मागची वर्दळ आरपार दिसते, तेव्हा प्रत्यक्षात कापड काहीच लपवत नसते. पाठीमागच्या कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य प्रोजेक्टर समोरून अंगरख्यावर टाकतो आणि कापडावरचे सूक्ष्म मणी तो प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवतात. पाहणाऱ्याने अर्धपारदर्शक आरशातून, ठरलेल्या जागेवरूनच पाहावे लागते. तो दोन पावले बाजूला सरकला की माणूस पुन्हा दिसू लागतो.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांच्या सिद्धान्तावर आधारलेले, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात २००६ मध्ये तयार झालेले मेटामटेरियलचे, म्हणजे सूक्ष्म रचनेमुळे लहरींना वेगळे वळण देणाऱ्या कृत्रिम पदार्थाचे, कवच मात्र वेगळ्या वाटेने जाते. त्यातील समकेंद्री कडी मायक्रोवेव्ह लहरींना, ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालते तशा, तांब्याच्या लहान नळकांड्याभोवतून वळवतात. मर्यादा अशी की हे एका ठरावीक वारंवारितेपुरते आणि एकाच प्रतलात साधते. दृश्य प्रकाशासाठी रचना मायक्रोमीटरहूनही बारीक लागते.

उपयोगाच्या दृष्टीने मला पहिला मार्गच आज अधिक मोलाचा वाटतो. गाडी मागे घेताना मागचे आसन पारदर्शक भासले, तर गाडीमागे खेळणारे मूल चालकाला वेळीच दिसेल. शिवाय पाहणाऱ्याच्या सहकार्याशिवाय ही युक्ती चालतच नाही, त्यामुळे पाळत ठेवणाऱ्याला किंवा चोराला तिचा फारसा लाभ नाही. मेटामटेरियलला असे सहकार्य लागत नाही. अनेक रडार मायक्रोवेव्हवरच चालतात, आणि म्हणूनच लपून येणाऱ्या शस्त्राची खरी धास्ती याच मार्गाने आहे.