मानसशास्त्रातील वाटा दाखवणारी कार्यशाळा : काम दिसते, परवाना दिसत नाही

मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘पुढे नेमकी कोणती शाखा घ्यावी’ हे सांगणाऱ्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळा पुण्यात अलीकडे बऱ्याच भरू लागल्या आहेत. महाविद्यालयात हाच विषय शिकवत असल्यामुळे माझ्या वर्गातील काही विद्यार्थिनींबरोबर अशी एक कार्यशाळा मी पूर्ण बसून पाहिली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवांबद्दल पुढे लिहिले आहे त्या तिच्या एकटीच्या नाहीत. याच धाटणीच्या इतर उपक्रमांची माहितीपत्रके शेजारी ठेवून पाहिली तर मांडणी जवळपास तीच आढळते. पहिल्या भागात वेगवेगळ्या क्षेत्रांत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांशी गाठ घालून देतात आणि दुसऱ्या भागात आवड-चाचणी घेऊन प्रत्येकाला वैयक्तिक मार्गदर्शन करतात.

पहिला भाग उत्तम आहे आणि त्याचे श्रेय आयोजकांच्या एका अटीला द्यावे लागेल. वक्त्यांनी आपल्या शाखेची व्याख्या सांगायची नाही, आपला कामाचा दिवस कसा जातो ते सांगायचे, अशी ती अट होती. शालेय मानसशास्त्रज्ञ असलेल्या बाई लाल-पांढरे ठोकळे घेऊन आल्या होत्या. वेश्लरच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीत अशा ठोकळ्यांनी चित्रातील नक्षी जुळवायची असते. परंतु मूळ चाचणीतील नक्ष्या अप्रशिक्षित लोकांपुढे उघड करायच्या नसतात, म्हणून त्यांनी स्वतः आखलेल्या नक्ष्या वापरल्या. एका विद्यार्थिनीला ठोकळे देऊन बाकीच्यांना ‘जे दिसेल ते लिहा’ असे सांगण्यात आले. बहुतेकांच्या कागदावर ‘जमले’ किंवा ‘जमले नाही’ एवढेच होते. बाईंच्या कागदावर मात्र तिने नक्षी आडवी फिरवून जुळवली, कोपऱ्यातला ठोकळा ठेवताना हात अडला, घड्याळाकडे पाहिल्यावर वेग वाढला आणि चुका झाल्या, इथपर्यंत सगळे टिपलेले होते. गुण तर कोणीही मोजेल, अहवाल लिहिता येतो तो या नोंदींच्या आधारे, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी ज्ञानप्रबोधिनी ही संस्था १९६२ साली सुरू झाल्यापासून बुद्धिमापन ही गोष्ट पुणेकर पालकांना अपरिचित राहिलेली नाही. तरीही चाचणीनंतरच्या कामाची कल्पना फारशी कोणाला नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणितातील अडचणींचा) समावेश झालेला असल्याने शाळेतील मानसशास्त्रज्ञाचा बराच वेळ पालकांची समजूत घालण्यात आणि दहावीच्या सवलतींसाठी लागणारे प्रमाणपत्र शासनमान्य केंद्रातून मिळवण्याची प्रक्रिया समजावून देण्यात जातो. शिवाय ‘समुपदेशक मोकळ्याच असतात’ या समजुतीने गैरहजर शिक्षकांचे तास त्यांच्या माथी मारले जातात. हे सांगताना बाई हसत होत्या, पण तक्रार खरी होती.

रुग्णालयात काम करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे सत्रही तितकेच भरीव झाले. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि मानसशास्त्रज्ञाला औषधे लिहून देता येत नाहीत, हा फरक त्यांनी आरंभीच स्पष्ट केला. त्यावर मागच्या रांगेतील एका पालकांनी ‘मग मुलीने डॉक्टरच का होऊ नये?’ असे विचारले. प्रश्न उद्धट वाटला तरी गैरवाजवी नव्हता. वक्त्यांनी उत्तरादाखल एका सकाळचे वेळापत्रक फळ्यावर लिहिले : नव्या रुग्णाचा सविस्तर पूर्ववृत्तांत, मानसिक स्थितीची तपासणी, नातेवाइकांशी स्वतंत्र बोलणे, रोर्शाकची दहा शाईडागांची कार्डे दाखवून मिळालेल्या प्रतिसादांचे तासन्तास चालणारे विश्लेषण, आणि मंत्रचळाच्या (तोच विचार किंवा तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) एका रुग्णाबरोबर वर्तनोपचाराचे ठरलेले सत्र. हे काम डॉक्टरच्या हाताखालचे नाही, त्याच्या शेजारचे आहे, एवढे पालकांना पटले असावे. कार्डे दाखवण्याची विनंती वक्त्यांनी ठामपणे नाकारली. ज्या व्यवसायात शिरायचे त्याची शिस्त विद्यार्थ्यांनी अशीच पाहिली पाहिजे.

सर्वांत जास्त गर्दी फॉरेन्सिक, म्हणजे गुन्हे तपास व न्यायालयाशी संबंधित मानसशास्त्राच्या सत्राला होती, आणि याचे कारण वेब मालिका हेच असणार. वक्त्यांनी या उत्साहावर पाणी टाकले ते बरे झाले. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत आलेखावर आधारलेली तपासणी संमतीशिवाय करण्यास मनाई केली आणि संमतीने झालेल्या चाचणीतील उत्तरेही थेट पुरावा म्हणून चालत नाहीत, हे ऐकल्यावर सभागृहात बरीच चुळबूळ झाली. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात या शाखेचे शिक्षण मिळते. परंतु नोकऱ्या मुख्यतः सरकारी प्रयोगशाळांत आणि मोजक्याच आहेत, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

औद्योगिक मानसशास्त्राचे सत्र मात्र मनुष्यबळ विभागातील भरतीच्या गोष्टींपलीकडे गेले नाही. क्रीडा मानसशास्त्राला मिळालेला वेळ इतका अपुरा होता की ते वगळले असते तरी चालले असते. सैन्यदलाच्या निवड मंडळांतील मानसशास्त्रज्ञांचे काम आणि दिल्लीची संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था यांचा तर उल्लेखही झाला नाही. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर वाक्ये लिहायला लावणारी शब्दसाहचर्य चाचणी महाराष्ट्रातील शेकडो मुले दरवर्षी देतात. ती वाक्ये वाचून मत बनवणाऱ्याची खुर्ची हीदेखील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळू शकते, हे कोणीतरी सांगायला हवे होते.

खरी उणीव पुढेच आहे. कोणत्या शाखेत काय काम असते हे कळले, तरी ते काम करण्याचा कायदेशीर अधिकार कोणाला असतो हे कळल्याशिवाय निवड अपुरीच राहते, आणि या बाबतीत कार्यशाळेने दिलेली पुस्तिका जुनी आहे. तिच्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्याचा मार्ग म्हणून फक्त दोन वर्षांचा एम.फिल. छापलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधील व्याख्येप्रमाणे या पात्रतेला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते, हे पुस्तिकेत आहे. मात्र नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली आणि चिकित्सा मानसशास्त्राच्या एम.फिल.ला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंतच प्रवेशाची मुभा दिली, याचा पत्ता नाही. बंगळूरचे निमहान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, पुण्यात ससूनच्या आवारातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही नावे यादीत देऊन पुढे ‘प्रवेश परीक्षेची तयारी करा’ असा सल्ला छापला आहे. कोणत्या अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेची, हा प्रश्न आज दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलीने कोणाला विचारायचा?

समुपदेशनाच्या बाबतीत हा गोंधळ अधिक महागात पडेल. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा २०२१ ने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगळता इतर मानसशास्त्रज्ञांना वर्तन आरोग्य विज्ञानाच्या गटात घेतले आहे, आणि याच कायद्याचा आधार घेऊन अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्यांचे नवे प्रवेश थांबवले. पुस्तिकेत मात्र ‘नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एम.ए.’ हा पर्याय चौकटीत ठळक छापलेला आहे. सोलापूर, साताऱ्याहून आलेल्या ज्या मुली ही चौकट वहीत उतरवून घेत होत्या, त्यांच्या दृष्टीने ही मुद्रणदोषाइतकी किरकोळ बाब नाही. मी मध्यंतरात हे आयोजकांच्या लक्षात आणून दिले. ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असे उत्तर मिळाले. त्याच सभागृहात ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करायला दोन मिनिटेही लागली नसती.

दुसऱ्या भागातील आवड-चाचणी जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाच्या सहा व्यक्तिमत्त्व प्रकारांवर बेतलेली आहे : वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पारंपरिक. ही चाचणी अभियांत्रिकी की वाणिज्य अशा प्रश्नाला काही दिशा देऊ शकते. ज्यांनी मानसशास्त्र आधीच निवडले आहे त्यांच्यात ‘सामाजिक’ आणि ‘संशोधक’ हेच प्रकार वर येणार, हे चाचणी न घेताही सांगता येते, आणि माझ्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकींचा निकाल तसाच आला. समुपदेशन घ्यावे की न्यूरोसायकॉलॉजी (मेंदू आणि वर्तन यांच्या संबंधाचा अभ्यास), शाळा बरी की रुग्णालय, या मूळ प्रश्नावर त्या आलेखात एक ओळही नव्हती. त्याहून खटकले ते असे की ही चाचणी भारतीय, त्यातही मराठी माध्यमातील मुलांवर प्रमाणित केलेली आहे का, या प्रश्नाला मार्गदर्शकांना उत्तर देता आले नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर स्वातंत्र्यापूर्वीच केले होते. त्या परंपरेच्या प्रदेशात मानसशास्त्राच्याच विद्यार्थ्यांना मानकांशिवाय चाचणी दिली जावी, हे शोभत नाही. मार्गदर्शकांचे वागणे मात्र आपुलकीचे होते आणि रडवेल्या झालेल्या एका मुलीला त्यांनी घाई न करता वेळ दिला, हेही नोंदवले पाहिजे.

दोन्ही भागांचे एकत्रित शुल्क साडेचार हजार रुपये आहे. विद्यार्थ्यांच्या खिशाला ते जड आहे, पण नुसता पहिला भाग अठराशे रुपयांत करता येतो. ही सोय माहितीपत्रकाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत दिली असून नोंदणीच्या टेबलावर कोणी आपणहून सांगत नाही. विचारल्यावर मात्र पावती विनातक्रार मिळते. पहिल्या भागासाठी अठराशे रुपये खर्च करण्यास हरकत नाही. परवान्याची आणि अभ्यासक्रमाच्या मान्यतेची माहिती पुनर्वास परिषद व अनुदान आयोग यांच्या संकेतस्थळांवरील ताज्या परिपत्रकांतूनच घ्यावी, आणि पुस्तिकेतील दूरशिक्षणाच्या चौकटीवर सरळ काट मारावी.