विल्यम बरोज वाचायचा, तर आधी आवृत्ती बघून घ्या

विल्यम एस. बरोज या अमेरिकी कादंबरीकाराचं पुस्तक मागवताना नुसतं नाव बघून चालत नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळे मजकूर बाजारात आहेत. ‘द सॉफ्ट मशीन’च घ्या. १९६१ साली पॅरिसच्या ऑलिम्पिया प्रेसने काढली ती एक, १९६६ साली न्यूयॉर्कच्या ग्रोव्ह प्रेसने छापली ती बरीचशी नव्याने लिहिलेली, आणि १९६८ साली लंडनला काल्डरने काढली ती आणखी वाढवलेली. जुनी प्रत स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि समीक्षकाने सांगितलेला उतारा त्यात सापडलाच नाही, तर दोष वाचकाचा नसतो. म्हणून मागवण्याआधी मुखपृष्ठावर ‘द रिस्टोअर्ड टेक्स्ट’ हे शब्द आहेत ना, ते बघावं. ‘नेकेड लंच’वर संपादक म्हणून जेम्स ग्राउरहोल्झ आणि बॅरी माइल्स ही नावं हवीत. ‘द सॉफ्ट मशीन’, ‘द टिकेट दॅट एक्स्प्लोडेड’ आणि ‘नोव्हा एक्स्प्रेस’ या त्रयीवर ऑलिव्हर हॅरिसचं. त्रयीच्या या आवृत्त्या २०१४च्या आहेत. ग्रोव्ह किंवा पेंग्विन मॉडर्न क्लासिक्स, दोन्हींपैकी कुठलीही चालेल.

‘नेकेड लंच’ची ही आवृत्ती निःसंशय घेण्यासारखी आहे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे पानांची मांडणी. ग्रोव्हच्या १९६२च्या प्रतीत कादंबरीच्या आधी बरोजचं व्यसनाविषयीचं लांब निवेदन यायचं. ते वाचून कितीतरी जण हे अफूच्या व्यसनाचं आत्मकथन आहे असं समजूनच पुढे जात. इथे ते निवेदन मागे नेलंय आणि कादंबरी थेट सुरू होते. १९५७ साली व्यसनविषयक ब्रिटिश नियतकालिकात आलेलं त्याचं पत्रही मागेच आहे. त्यात कोणता पदार्थ शरीराचं काय करतो आणि लंडनच्या डॉ. डेंट यांच्या व्यसन सोडवण्यासाठीच्या अपोमॉर्फिन या औषधाच्या उपचाराने काय झालं, ते कोरड्या भाषेत नोंदवलंय. शेवटी गाळलेले उतारे दिलेत. ते पहिल्या वाचनात सोडून द्यावेत.

कथानक शोधू नये. १९५९च्या उन्हाळ्यात ऑलिम्पियाचा प्रकाशक मोरिस जिरोदियास याला हस्तलिखित तातडीने हवं होतं. प्रकरणं जशी टंकून झाली तशी छापखान्यात गेली. मुद्रितं हातात आली तेव्हा तोच क्रम बरा आहे असं ठरलं. बदल एकच झाला, हाउझर आणि ओब्रायन या पोलिसांचा भाग सुरुवातीचा उचलून शेवटी नेला. शेवटाकडच्या एका प्रकरणात लेखक स्वतःच सांगतो की या पुस्तकात कुठूनही शिरता येतं. तेव्हा सुरुवात अडली, तर डॉक्टर बेनवेचं प्रकरण आधी वाचावं. ते स्वतंत्रपणे उभं राहतं, आणि माणसावर शारीरिक छळ न करता त्याला कसं वाकवावं याविषयी त्यात जे आहे, ते आजही अंगावर येतं.

या तुकड्यांना बरोज ‘रुटीन’ म्हणे. यांतली बरीच रुटीनं मोरोक्कोतल्या टँजियरहून कवी ॲलन गिन्सबर्गला लिहिलेल्या पत्रांत जन्मली. आपल्याकडचा जवळचा शब्द शोधायचा तर तमाशातली बतावणी: एक कल्पना पकडायची आणि ताणत, चढवत, समोरच्याला श्वास घेऊ न देता टोकाला न्यायची. म्हणून हे पुस्तक मोठ्याने वाचावं, एका बैठकीला एकच भाग. त्याचा स्वतःचा सपाट, अनुनासिक आवाज ऐकायचा असेल तर १९६५ची ‘कॉल मी बरोज’ ही ध्वनिमुद्रिका मिळवा. ती ऐकल्यावर वाक्यं कुठे तोडायची ते कळतं.

एक गैरसमज सर्रास छापला जातो, की ‘नेकेड लंच’ कात्रीने कापून जोडलेली आहे. तसं नाही. पुस्तक जुलै १९५९ मध्ये आलं, कट-अप हे कापून जोडण्याचं तंत्र त्यानंतरच्या शरदात सापडलं. पॅरिसच्या ‘बीट हॉटेल’मध्ये ब्रायन गायसिन हा चित्रकार चित्रांसाठी पुठ्ठे कापत होता. खाली अंथरलेली वर्तमानपत्रंही पात्याने कापली गेली आणि तुकडे शेजारीशेजारी वाचताना नवीच वाक्यं दिसली. बरोजने त्याची पद्धत केली. छापील पान घ्या, मधोमध उभं कापा, मग आडवं कापा. चार तुकडे होतील. चौथा पहिल्याशेजारी ठेवा, दुसरा तिसऱ्याशेजारी, आणि ओळी सलग वाचा. ‘फोल्ड-इन’ या त्याच्या दुसऱ्या पद्धतीत कात्री लागत नाही. एक पान उभं दुमडून दुसऱ्या पानावर ठेवायचं, अर्धी ओळ याची, अर्धी त्याची. नवख्यांचं इथेच चुकतं: आलं ते सगळं ठेवतात. बरोज पानापानातून वेचक ओळ उचलायचा आणि पुन्हा टंकायचा. खरं काम निवडीत आहे.

मराठी वर्तमानपत्रावर हे करून बघा, म्हणजे त्याच्या इंग्रजीला काय सोपं गेलं ते कळेल. उभी चीर शब्दातून गेली की पहिली वेलांटी एका तुकड्यात राहते आणि तिचं अक्षर दुसऱ्यात, म्हणून दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेतूनच कापावं लागतं. तरी ‘मुलाने’, ‘दाराला’, ‘पावसात’ हे शब्द कुठेही टाका, प्रत्यय आपलं जुनं नातं सांगतच राहतो. ‘गाडी आला’सारखं लिंगही खटकत राहतं. इंग्रजीत शब्दाची जागा बदलली की त्याचं कामच बदलतं, त्यामुळे तुकडे एकमेकांत विरघळतात. मराठीत मथळे आणि जाहिराती घ्याव्यात, क्रियापदं कमी असतात.

त्रयीत सुरुवात ‘नोव्हा एक्स्प्रेस’ने करावी. तिघांत ती सर्वांत आखीव आहे. मग ‘द सॉफ्ट मशीन’मधलं ‘द मायन केपर’ हे प्रकरण. निवेदक काळात मागे जाऊन प्राचीन माया संस्कृतीतल्या पुरोहितांची पंचांगावर उभी असलेली हुकमत त्यांचेच आवाज आणि चित्रं कापून मोडतो. कट-अप बरोजला नुसत्या चमत्कृतीसाठी नको होतं. भाषा हेच आपल्यावर ताबा ठेवणारं यंत्र आहे असं तो मानत होता, आणि हे प्रकरण त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. ‘द टिकेट’ मात्र थकवते. त्याच त्या प्रतिमा इतक्यांदा येतात की धार जाते. हॅरिसच्या टिपा या तिन्ही पुस्तकांचा मोठा गुण आहे. कुठली ओळ कुठल्या मसुद्यातून आली ते त्या दाखवतात.

‘नेकेड लंच’मधली फाशीची आणि लैंगिक हिंसेची दृश्यं सौम्य नाहीत. देहदंडाच्या विरोधात, जोनाथन स्विफ्टच्या उपहासाच्या वळणाने ती लिहिली असा बरोजचा दावा होता. पहिल्यांदा तो पटतो, पुनरावृत्तीत विरतो. तरीही १९६५ साली बॉस्टनच्या न्यायालयात अश्लीलतेच्या खटल्यात कादंबरीकार नॉर्मन मेलर आणि गिन्सबर्ग या पुस्तकाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले ते योग्यच होतं. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अश्लील नसल्याचा निकाल दिला.

बरोजची सहचरी जोन व्होल्मर हिचं नाव मात्र कुठल्याही परिचयात शेवटच्या ओळीत ढकलू नये. ६ सप्टेंबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीत बरोजने तिच्या डोक्यावर ग्लास ठेवायला लावून गोळी झाडली आणि ती मेली. तो १३ दिवस तुरुंगात होता. १९८५ साली ‘क्वीअर’ या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं की तिच्या मृत्यूशिवाय आपण लेखक झालोच नसतो. हे वाक्य त्याच्या गौरवलेखांत भक्तिभावाने उद्धृत होतं, ते थांबायला हवं. ‘जंकी’ ही कादंबरी तो तिच्या मृत्यूआधी, १९५० मध्येच लिहीत होता. एका स्त्रीचा जीव गेला तो त्याच्या प्रतिभेची किंमत म्हणून नव्हे. बायकांविषयीचा त्याचा तिरस्कार ‘द जॉब’मधल्या मुलाखतींत उघड आहे, आणि ‘द वाइल्ड बॉइज’ या कादंबरीतलं बायकांविना जग त्यातूनच येतं.

एकच पुस्तक घ्यायचं तर ‘नेकेड लंच’. त्याआधी सरळ गद्याचा हात बघायचा असेल तर २००३ची हॅरिस-संपादित ‘जंकी’. १९५३ साली ती विल्यम ली या टोपणनावाने, एका अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्याच्या आठवणींना पाठीला पाठ लावून, ३५ सेंटला विकली गेली होती.