जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल: बिलात एक, गिअरबॉक्समध्ये दुसरंच

'एटीएफ १२ लिटर, फ्लशिंग मशीन, कंडिशनर १ बाटली, फिल्टर.' जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल, म्हणजेच एटीएफ, बदललं की हातात पडणारं बिल साधारण असं असतं. गाडी आत, मालक बाहेर खुर्चीवर. चोरी होते ती त्या मधल्या वेळात, आणि ती पकडायला मेकॅनिक असावं लागत नाही.

आधी त्या १२ लिटरचं बघू. गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइलचं भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. त्याचा ड्रेन प्लग उघडला की बहुतेक गाड्यांतून ३ ते ४ लिटर ऑइल पडतं. एकूण क्षमता मात्र ७ ते ९ लिटर असते, कारण बाकीचं ऑइल टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा भाग) आणि कूलरच्या पाइपांत अडकून राहतं. ते सगळं बदलायचं तर मशीन कूलरच्या पाइपला जोडावं लागतं. त्यात जुनं-नवं मिसळत बाहेर येत असल्यामुळे क्षमतेपेक्षा दोन-तीन लिटर जास्तच लागतात, म्हणजे १२ हा आकडा खोटाच असतो असं नाही. खोटं असतं ते काम. मशीन कोपऱ्यात तसंच उभं, चेंबरमधून ४ लिटर काढले, ४ भरले, आणि उरलेले ८ लिटर तुमच्या नावावर. काम झाल्यावर थोडं फिरून डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पांढऱ्या कागदावर टेकवा. ऑइल बदलण्याआधी गडद तपकिरी होतं आणि आताही तपकिरीच आहे, जरासं उजळलंय एवढंच, तर मशीन लागलेलं नाही. काढलेलं ऑइल मापाच्या डब्यात दाखवायला सांगा, सीलबंद डबे समोर उघडायला लावा, रिकामे डबे मागून घ्या. सरळ गॅरेजवाला यावर चिडत नाही.

खरं तर जुन्या गाडीला मशीनची गरजही कमीच. दर वेळी चेंबरमधून एकूण ऑइलपैकी ४० टक्के बदललं आणि मध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवली, तर तीन वेळांत सुमारे ७८ टक्के ऑइल नवं होतं. फक्त ड्रेन प्लग उघडण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतोय ना ते बघावं. तो गंजून बसलेला असला तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सनिशी तिथेच अडकते.

चेंबर खोलला की पुढचा प्रयोग सुरू होतो. आतल्या लोहचुंबकावरचा काळपट गाळ बोटावर घेऊन 'गिअरबॉक्स खलास होत आलाय' असं सांगितलं जातं. राखाडी, मऊ, पेस्टसारखा गाळ ही नेहमीची झीज आहे. चुंबक त्यासाठीच बसवलेला असतो. घाबरायचं ते टोचणारे तुकडे, पितळी रंगाचे कण किंवा क्लच प्लेटचे काळे कपचे दिसले तर. नुसत्या तपकिरी रंगावरून काही ठरत नाही, कारण लाल रंग हा वरून घातलेला रंग आहे, तो वापराने जातोच. वास घ्या. जळका वास असेल तर क्लच भाजलेत. गुलाबी दुधासारखं ऑइल असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय, आणि तिथे ऑइल बदलण्याआधी कूलर बदलायला हवा.

सगळ्यात महाग फसवणूक ऑइलच्या प्रकारात होते. 'हे सगळ्या गाड्यांना चालतं' हे वाक्य ऐकलं की मॅन्युअल उघडावं. टोयोटाचं टी-४ आणि त्यानंतरचं पातळ डब्ल्यूएस एकमेकांच्या जागी चालत नाही. ह्युंदाईच्या एसपी-३ आणि एसपी-४चंही तेच. होंडाच्या झेड-१ऐवजी मात्र डीडब्ल्यू-१ घालता येतं, कारण ते त्याच्याच जागी आणलेलं आहे. डेक्सरॉन हे जनरल मोटर्सचं एटीएफचं मानक. जनरल मोटर्सने डेक्सरॉन-३चं लायसन्स देणं २००६च्या अखेरीस थांबवलं, त्यामुळे आजच्या डब्यावर 'डेक्सरॉन-३ मान्यताप्राप्त' असं छापलेलं असेल तर ती मान्यता जनरल मोटर्सची नाही. डब्यावरचं 'अमुकसाठी योग्य' हा ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा असतो. २००५मध्ये आलेलं डेक्सरॉन-६ जुन्या डेक्सरॉनच्या जागी चालतं आणि त्याच्या खऱ्या डब्यावर लायसन्स क्रमांक असतो. पिंपातून सुटं दिलं जाणारं लाल ऑइल तर घेऊच नये. साध्या हायड्रॉलिक ऑइलमध्ये लाल रंग मिसळला की डोळ्यांना फरक कळत नाही, क्लच प्लेटला कळतो.

सीव्हीटीला, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्सला, तिचंच ऑइल लागतं. तिथे साधं एटीएफ गेलं तर पट्टा आणि पुली खराब होतात. आणि एएमटी (क्लच-गिअर यंत्रच बदलतं अशी) गाडीला 'एटीएफ फ्लश' विकणं ही तर उघड दरोडेखोरी: तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, त्यात एटीएफने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर नसतोच.

आता बाटली. नव्या एटीएफमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (क्लचची पकड मऊ करणारं रसायन), डिटर्जंट, फेस रोखणारं आणि सील मऊ ठेवणारं रसायन आधीच मोजून घातलेलं असतं. त्यात वरून 'कंडिशनर' ओतणं म्हणजे मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ. अॅडिटिव्हला अर्थ आहे तो मोजक्या तक्रारींत. साठ-सत्तरच्या वेगात हलक्या अॅक्सिलरेटरवर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरत असेल, तर तो बहुधा टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) असतो. तिथे आधी योग्य नवं ऑइल, आणि तरीही थरथर राहिली तरच फ्रिक्शन मॉडिफायर. दोन्ही एकदम घातलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि गॅरेजला तेच सोयीचं असतं. सील फुगवणारी बाटली वयाने कडक झालेल्या सीलमधून थेंब-थेंब गळत असेल तर काहीशे किलोमीटरनंतर काम करते. फाटलेल्या सीलवर, चेंबरच्या गॅस्केटवर तिचा उपयोग नाही, आणि जास्त झाली तर चांगली सीलंही लिबलिबीत होतात. गळती चेंबरमधून असेल तर बरेचदा बोल्ट जास्त आवळून गॅस्केट चेचलेलं असतं. हे बोल्ट आवळायला साधारण ८ ते १२ न्यूटन मीटर एवढा जोर पुरतो. आधी स्वतःच आवळून गळती करायची आणि मग 'स्टॉप लीक' विकायचं, हेही चालतं.

बाटली साधारण ३०० मिलीची असते. तेवढं ऑइल आधी काढलं नाही तर पातळी वर जाते, फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात, पंप हवा ओढतो आणि गिअर घसरायला लागतो. पुढच्या फेरीला निदान तयार: 'बॉक्स उघडावा लागेल.' म्हणून पातळी मॅन्युअलच्या पद्धतीनेच तपासावी. बहुतेक डिपस्टिकवाल्या गाड्यांत ऑइल गरम, इंजिन चालू, गिअर पार्कमध्ये. होंडात मात्र इंजिन गरम करून बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत बघायचं. टोयोटाच्या बिनडिपस्टिकच्या डब्ल्यूएस बॉक्सला ३५ ते ४५ अंशांना ओव्हरफ्लो प्लगमधून. थर्मामीटर किंवा स्कॅनर न लावता 'लेव्हल ओके' म्हणणारा अंदाज सांगतोय.

जुनी ऑटोमॅटिक विकत घेताना हाच खेळ उलट बाजूने होतो. घसरणाऱ्या बॉक्समध्ये दाट करणारं अॅडिटिव्ह किंवा जुन्या फोर्डसाठीचं टाइप एफ ऑइल ओततात. टाइप एफमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर नसतात, त्यामुळे क्लच करकचून पकडतो आणि विक्री होईपर्यंत गाडी ठीक वाटते. म्हणून गाडी रात्रभर बंद असताना बघायला जा, विक्रेत्याला आधी गरम करू देऊ नका. ब्रेक दाबून रिव्हर्स टाका आणि बॉक्स पकडायला किती वेळ घेतो ते मोजा: दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर सौदा थांबवा. मग अर्धा तास चढावर, गर्दीत चालवा आणि ऑइल पूर्ण तापल्यावर तीच चाचणी पुन्हा करा, कारण दाट केलेलं ऑइल तापल्यावर पातळ होतं आणि घसरण तेव्हाच दिसते.