अंतरपाटाचे फोटो मागा: नाशिकमधल्या डेस्टिनेशन वेडिंग पॅकेजची पारख

गंगापूर धरणाचं बॅकवॉटर आणि सावरगाव-गोवर्धन पट्ट्यातले द्राक्षमळे यांच्यामुळे मुंबई-पुण्याची लग्नं नाशिकला येऊ लागली आणि त्यांच्या मागोमाग फोटोग्राफीची तयार पॅकेजंही आली. दोन दिवस, हळद-संगीत-लग्न, चार-पाच जणांची टीम, कॅन्डिड (नकळत टिपलेले) आणि ट्रॅडिशनल (उभं करून काढलेले) फोटो, ड्रोन, सिनेमॅटिक फिल्म, टीझर, दोन अल्बम. कोटेशनं एकाच साच्यातली असतात, त्यामुळे बहुतेक घरांत निर्णय इन्स्टाग्रामवरचं रील बघूनच होतो. हे परीक्षण कुठल्या एका स्टुडिओचं नाही, या पॅकेजचं आहे: त्यात काय चांगलं मिळतं, पैसे कुठे वाया जातात आणि माणूस कसा निवडावा.

रीलमध्ये सूर्यास्त असतो, पाण्यावरची सोनेरी तिरीप असते, वेलींच्या ओळीतून चालणारी जोडी असते. त्या उजेडात साधा मोबाइलसुद्धा छान फोटो काढतो. कामाची परीक्षा होते ती अंतरपाटापाशी. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट ओढला जातो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचा क्षण तीन-चार सेकंदांत संपतो. मागे मामा आणि करवल्या, बाजूला गुरुजी, भोवती मोबाइल उंच धरलेले पाहुणे. नवरीचा चेहरा हवा तर कॅमेरा नवऱ्याच्या खांद्यामागे लागतो, नवऱ्याचा हवा तर नवरीच्या मामांच्या शेजारी. एक माणूस दोन्हीकडे पुरत नाही. म्हणून फोटोंसाठी किमान दोघं हवेत, व्हिडिओवाले वेगळे. 'एक कॅन्डिड, एक ट्रॅडिशनल' असं कोटेशनमध्ये लिहिलं असेल तर अंतरपाटाच्या वेळी ट्रॅडिशनलवाला कुठे उभा असतो ते विचारा. तो स्टेजच्या समोर फ्लॅश लावून उभा राहणार असेल, तर दोनपैकी एक चेहरा गेलाच समजा.

त्यामुळे फोटोग्राफरकडे एकच मागणी करावी: दुपारच्या मुहूर्ताच्या एका लग्नाची अख्खी गॅलरी, आणि त्यात अंतरपाटाच्या आधीचे-नंतरचे पन्नास फोटो सलग. निवडून काढलेले नकोत. अक्षता हवेत स्पष्ट दिसतात की धुरकट रेघा झाल्यात, दोघांचे डोळे फोकसमध्ये आहेत का, आई-वडिलांचा त्या क्षणाचा एक तरी फोटो आहे का, एवढं बघितलं की माणूस कळतो. गॅलरी दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याचं रील कितीही देखणं असो, आम्ही तिथेच थांबायला सांगू.

त्याच गॅलरीत चेहऱ्यांचा रंगही बघून घ्या. मांडवाच्या छताचं कापड पांढरं असेल तर ऊन गाळून मऊ होतं. पिवळं किंवा गुलाबी असेल तर तो रंग गालावर, उपरण्यावर, गुरुजींच्या टकलावर, सगळीकडे उतरतो. एडिटिंगमध्ये तो धड निघत नाही, कारण चेहऱ्याच्या एका बाजूला कापडातून आलेला पिवळा उजेड असतो आणि दुसऱ्या बाजूला उघड्या माळावरचा पांढरा. एक बाजू सुधारली की दुसरी निळी पडते. जाणता फोटोग्राफर डेकोरेटरचा नंबर मागतो आणि छताचा रंग आधीच विचारून घेतो. हा प्रश्न त्याने आपणहून काढला तर ती मोठी जमेची बाजू.

ऋतूचाही हिशोब आहे. डिसेंबरात दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, उजेड चेहऱ्यावर तिरका पडतो. मेच्या २० तारखेच्या आसपास मात्र नाशिकला तो दुपारी थेट डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मुंडावळ्यांच्या सावल्या गालांवर रेघोट्यांसारख्या उमटतात. गोरज मुहूर्ताला अडचण वेगळी. डिसेंबरच्या मध्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, मेमध्ये सातनंतर. मंगलाष्टकं सुरू होताना ऊन असतं आणि सप्तपदीपर्यंत अंधार. समोरासमोर उभे असल्याने तिरक्या उन्हात एकाचा चेहरा उजळतो, दुसऱ्याचा काळवंडतो. टीम स्वतःचे लाइट आणते की डेकोरेटरच्या जांभळ्या एलईडींवर भागवते, हे लेखी घ्या. सायलेंट शटर (कॅमेऱ्याचा आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर) लावून एलईडीखाली फोटो काढले की आडवे काळे पट्टे येतात. संगीताच्या जुन्या फोटोंत ते शोधा, सापडले तर त्या माणसाला रात्रीच्या कामाचा सराव नाही.

आता द्राक्षमळा. पॅकेजची अर्धी किंमत लोक याच्यासाठी मोजतात आणि सगळ्यात जास्त हिरमोडही इथेच होतो. वेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. छाटणीनंतर दोन-तीन आठवडे मळ्यात खोडं, तारा आणि खांब एवढंच दिसतं. एप्रिलअखेरची तारीख धरून रीलमधल्या हिरव्या ओळींची स्वप्नं बघितली तर पदरी काटक्याच येतात. घडांसकट वेली हव्यात तर जानेवारी ते मार्च, आणि तोही तोडणीच्या आधीचा आठवडा. प्लॉट कधी तोडणार ते मळ्याच्या सुपरवायझरला विचारल्याशिवाय कळत नाही. वाइनच्या वेली उभ्या तारांवर असतात, दोन ओळींतून चालायला मोकळी वाट आणि सारखा उजेड मिळतो. खाण्याच्या द्राक्षांच्या मांडवाखाली चेहऱ्यावर कवडसे पडतात, शिवाय निर्यातीच्या मालाचे घड बऱ्याचदा कागदात गुंडाळलेले असतात. आणखी एक: फवारणी. मोरचूद-चुन्याचा फवारा झालेल्या पानांवर निळसर पांढरे ठिपके असतात. ते शालूच्या काठाला लागले की डाग बसतो, आणि ताज्या फवारणीत माणसांनी ओळीत शिरूच नये. शूटच्या दोन दिवस आधी मळ्यात फोन करणारा फोटोग्राफर बहुधा नाशिकचाच असतो.

स्थानिक टीमची मोठी जमा हीच. त्यांना वेलींचं वेळापत्रक ठाऊक असतं, हिवाळ्यात बॅकवॉटरवर धुकं पहाटे किती वाजेपर्यंत टिकतं ते ठाऊक असतं, ऐनवेळी फ्लॅश बंद पडला तर तासाभरात दुसरा मागवता येतो. फोटोंच्या बाबतीत नाशिकच्या चांगल्या टीमा कुठेही कमी नाहीत. कमी पडतात त्या फिल्ममध्ये, विशेषतः आवाजात, आणि अल्बमच्या डिझाइनमध्ये: एका पानावर अकरा फोटो, मागे फुलांची नक्षी. दुसरी अडचण दाट मुहूर्तांची. एकाच तारखेला एक स्टुडिओ तीन लग्नं घेतो आणि तिसऱ्याला बाहेरचे फ्रीलान्सर पाठवतो. ज्याचं काम बघून पैसे दिले, तोच माणूस येणार हे करारात नावानिशी लिहून घ्या. आजारी पडला तर बदली कोण, तेही लिहा.

मुंबई-पुण्याच्या टीमा फिल्म सुरेख करतात, एडिटिंग संयत असतं. पण येणं-जाणं, राहणं, जेवण वरून लागतं, आणि रिसॉर्टच्या खोल्या पाहुण्यांनाच पुरत नसल्याने त्यांना शहरातल्या लॉजवर ठेवलं जातं. मग सकाळी आठच्या हळदीला टीम साडेआठला पोचते आणि घाणा भरणं, चुडा हे सगळं हुकतं. बाहेरची टीम घेणार असाल तर लग्नस्थळीच दोन खोल्या आधी राखून ठेवा आणि त्यांनी आदल्या संध्याकाळी यावं अशी अट घाला; कसारा घाटाच्या भरवशावर सकाळचा कार्यक्रम ठेवू नये. २०२७ च्या सिंहस्थ पर्वण्यांच्या आसपासची तारीख असेल तर खोल्यांचं कितीतरी आधी बघावं लागेल. आमच्या मते फोटो नाशिकचे आणि फिल्म बाहेरची ही जोडणी उत्तम जमते, मात्र दोन्ही प्रमुखांचं आदल्या दिवशी मांडवात उभं राहून जागांवरून बोलणं व्हायला हवं. नाहीतर व्हिडिओवाल्याची पाठ प्रत्येक फोटोत येते. काही रिसॉर्ट स्वतःच्या यादीबाहेरचा फोटोग्राफर आणल्यास वेगळी फी लावतात. ते जागेचा ॲडव्हान्स देण्याआधी विचारा.

आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून थोडं सविस्तर. बॅकवॉटरच्या काठावर संध्याकाळी वारा असतो आणि कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मंगलाष्टकांऐवजी फडफड येते. गुरुजींच्या उपरण्याला केसाळ वाराटोपी घातलेला कॉलर माइक, साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडलेला एक रेकॉर्डर आणि वरासाठी एक वेगळा माइक, एवढं लागतंच. वरातीत नाशिक ढोल असला तर ठरावीक पातळीवर लावलेलं रेकॉर्डिंग फाटतं. जाणकार टीम त्याच आवाजाचा दुसरा ट्रॅक बारा डेसिबल खाली ठेवते. "आवाज कशावर घेता?" याला "कॅमेऱ्यावरच" असं उत्तर आलं तर ती फिल्म नुसत्या गाण्यांवर कापलेली असणार. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळे संगीताचे मुख्य नाच साडेनऊच्या आत बसवा, शूटिंगचंही त्याप्रमाणे ठरवा.

ड्रोनचं नाशिकमध्ये जपून. ओझरचा विमानतळ, देवळाली छावणी, नाशिक रोडचं लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्र आणि नोटांचा छापखाना, असं सगळं याच परिसरात आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे जागा हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) की लाल (मनाईच्या) क्षेत्रात येते ते डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर आधी बघायचं, आणि २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र व ड्रोनचा नोंदणी क्रमांक लागतो. दोन्हींची प्रत मागा. पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेशही असतात. ऐनवेळी ड्रोन उडालाच नाही तर किती पैसे वजा होणार, तो आकडा करारात हवा.

फाइलींचं गणित सोपं आहे. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) घेतलेला फोरके व्हिडिओ तासाला सुमारे ४५ जीबी होतो. तीन कॅमेरे, दोन दिवस आणि फोटोंच्या रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, न दाबलेल्या) फाइली धरल्या तर एक टीबी सहज भरतो. कॅमेऱ्यात दोन कार्डं एकाच वेळी लिहिणारी हवीत, रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी व्हायला हवी, आणि दोन्ही डिस्क एकाच गाडीने जाऊ नयेत. कॉपी तपासल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. मेमधल्या उन्हात सलग फोरके घेताना कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून व्हिडिओला एक जास्तीचा बॉडी विचारा.

कराराच्या कागदात एक ओळ हमखास असते: 'सर्व फोटोंचे हक्क स्टुडिओकडे राहतील.' ही खोडायला सांगा. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा आणि फिल्मचा पहिला मालक पैसे देणारा असतो, करारात उलट लिहिलं नसेल तर. आपण सही केली की तो हक्क जातो. स्टुडिओला जाहिरातीसाठी वीस-पंचवीस फोटो वापरायची परवानगी द्यायला हरकत नाही, पण ते आपल्याला दाखवून. १८ टक्के जीएसटी रकमेत धरलाय की वरून, हेही तिथेच लिहून घ्यायचं. अल्बमचं माप, पानांची संख्या आणि दुरुस्तीच्या फेऱ्या आकड्यांत हव्यात. '१२ बाय ३६, ३५ शीट, दोन फेऱ्या' असं लिहिलं की वाद होत नाही.

पैशांचे हप्ते ठरवताना बुकिंगला पंचवीस टक्के, लग्नाच्या सकाळी पन्नास आणि उरलेले पंचवीस सगळं हातात आल्यावर. डिस्क आली की शेवटचा हप्ता देण्याआधी चार फोल्डर उघडायचे: गौरीहर, अंतरपाट, झाल आणि गृहप्रवेश. गृहप्रवेश नाशिकबाहेर, नवऱ्याच्या घरी असतो आणि पॅकेजमधून तोच बहुतेक वेळा गळालेला असतो.