कानातल्या ब्लॅकहेड्सवर २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड: आठ महिन्यांनंतर

हे प्रकरण सुरू झालं सलूनमध्ये. कटिंग झाल्यावर न्हाव्याने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, कानात काळे दाणे भरलेत, काढू का?" मी हो म्हटलं, ही पहिली चूक. त्याने दोन नखांत धरून पिळलं. दाणे निघाले दोन, पण कान चार दिवस टोमॅटोसारखा लाल. उशीवर टेकवता येईना.

मग व्हिडिओ पाहून उद्योग झाले. टूथपेस्ट-सोडा लावला, नुसती आग झाली. पील-ऑफ मास्क ओढला तर कानावरचे केस मुळासकट आले, ब्लॅकहेड्स जागच्या जागी. शेवटी २ टक्के सॅलिसिलिक ॲसिडची ३० मिलीची बाटली घेतली. हे ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून तेलाने बुजलेल्या छिद्रात शिरतं, असं वाचलं होतं.

पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज लावलं. कातडी सोलून भुसा पडायला लागला. चार दिवस बंद ठेवलं, मग आठवड्यातून तीनदा, रात्री. कापसाची काडी जेमतेम ओली करायची (इअरबड म्हणत नाही, हल्ली त्याचा अर्थ भलताच होतो), भोकाबाहेरच्या खोलगट जागेत आणि वरच्या घडीत फिरवायची. भोकाच्या आत थेंबही जाऊ द्यायचा नाही. तीन आठवडे काही फरक नाही. पैसे पाण्यात, असं बायको म्हणाली, मलाही तेच वाटत होतं. दीड महिना होत आला तेव्हा आंघोळीनंतर पंचाने कान पुसताना बारीक दाणे आपोआप सुटून यायला लागले. तिसऱ्या महिन्याअखेर डावा कान जवळजवळ साफ.

उजव्या कानातला एक मोठा मात्र हलेना. त्वचारोगतज्ज्ञांनी बारीक कडीच्या हत्याराने दोन मिनिटांत काढला. एवढं मोठं छिद्र पुन्हा भरू शकतं, हेही तेव्हाच सांगितलं. आणि भरलंच, पाच महिन्यांनी. तो काळा रंग मळाचा नसतो, हे मला तिथेच कळलं. छिद्राचं तोंड उघडं असतं, आतलं तेल आणि त्वचेतलं रंगद्रव्य हवेने काळं पडतं. म्हणजे इतकी वर्षं मी घासणीने कान खरवडत होतो ते निव्वळ फुकट. डॉक्टरांनी अडापेलिन या मुरुमांवरच्या औषधाचं ०.१ टक्के जेल आठवड्यातून दोन रात्री दिलं, त्या रात्री ॲसिड नाही. दोन्ही एकत्र लावून मी एकदा हात पोळून घेतलेत, म्हणजे कान. बायकोला दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर हे जेल तिने स्वतःहून वापरू नये, हेही त्यांनी बजावलं.

बाटलीला सगळं श्रेय द्यायला मी तयार नाही. रविवारी डोक्याला खोबरेल चोपडायचो ते ओघळून कानात साचायचं. आता तेल लावलं की नंतर फेसवॉशने कान धुतो. आई म्हणते, "तुला तेलाचं वावडं कधीपासून झालं रे?" दिवसभर मीटिंगमध्ये कानात असणाऱ्या इअरफोनची सिलिकॉनची टोकं दर शनिवारी स्पिरिटच्या कापसाने पुसतो, पहिल्यांदा पुसली तेव्हा कापूस पिवळा झाला होता. हेल्मेटचं अस्तर काढून धुता येतं हे मला सहा वर्षांनी कळलं. डिसेंबरात गावी पंधरा दिवस ॲसिड नेलं नव्हतं, पण या सवयी सांभाळल्या, तेव्हा नवे दाणे फार आले नाहीत.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा वासासाठी कापला, एक पहिल्या महिन्याच्या छळासाठी. लाल होऊन ठणकणारी गाठ असेल तर हे लावू नका, डॉक्टरकडे जा. माझी बाटली अजून अर्धी आहे, पण त्यावरच्या उघड्या डबीच्या चित्रात १२ महिने लिहिलेत, उघडल्यापासून तेवढ्यातच वापरायची. म्हणजे चार महिन्यांत उरलेली संपवायची तर बायकोच्या नाकाला लावावी लागेल. तिने आधीच नाही म्हटलंय.