पीडीएफमध्ये कोरं पान घालायचंय? पीडीएफ अरेंजर वापरा

पुस्तकाची फायनल पीडीएफ हातात असते, मूळ इनडिझाइनची (पुस्तकाची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची) फाइल भलत्याच कुणाकडे असते, आणि छापखान्यातून फोन येतो, "ताई, पानं चारच्या पटीत बसत नाहीत." आमच्या कामात हे नेहमीचं आहे. मी साताऱ्यात अक्षरजुळणी आणि पुस्तकांच्या मांडणीची कामं करते. कवितासंग्रह, संस्थांच्या स्मरणिका, प्रबंध असं जे येईल ते. तयार पीडीएफमध्ये मधेच कोरं पान घालायचं तर मी पीडीएफ अरेंजर हे सॉफ्टवेअर उघडते, आणि या कामासाठी त्याच्याइतकं साधं आणि भरवशाचं दुसरं काही मला मिळालेलं नाही.

ते पूर्ण मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा प्रोग्राम कुणालाही बघता-वापरता येतो. विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं. पूर्वीच्या पीडीएफ शफलर नावाच्या सॉफ्टवेअरवरून ते पुढे घडत गेलं. विंडोजसाठी इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्तीही मिळते, त्यामुळे पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करता येतं. खातं उघडा, ईमेल द्या, पंधरा दिवसांनी पैसे भरा, असली भानगड नाही.

कोऱ्या पानाला पुष्कळ लोक वाया गेलेला कागद समजतात. पुस्तक हातात घेऊन बघा. अर्पणपत्रिका उजव्या पानावर असते आणि तिच्या पाठीमागे काही छापलेलं नसतं. नवा विभाग उजवीकडेच सुरू होतो. ती मोकळी जागा वाचणाऱ्याला क्षणभर थांबवते. अर्पणपत्रिकेच्या पाठीवर थेट अनुक्रमणिका छापलेलं पुस्तक मला बघवत नाही. लेखकाने आईला पुस्तक वाहिलंय आणि पान उलटताच अनुक्रमांक आणि ठिपक्यांच्या रांगा!

एका कवितासंग्रहाचा हिशोबच सांगते. आलेली पीडीएफ ८५ पानांची, डेमी आकाराची, म्हणजे साधारण १४० बाय २१६ मिलिमीटर. कवींनी सगळं सलग लावलेलं. नुसत्या नावाच्या पहिल्या पानामागे एक कोरं, अर्पणपत्रिकेमागे एक, चार विभागांच्या शीर्षकपानांमागे चार. शिवाय दोन विभाग उजव्या पानावर संपत होते, तिथे पुढचं शीर्षक डावीकडे जाऊ नये म्हणून आणखी दोन. झाली ९३. शेवटी तीन घातली की ९६, म्हणजे सोळा पानी बरोबर सहा फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं). छापखानावाला खूश, आणि पुस्तकालाही श्वास घ्यायला जागा.

हे काम अरेंजरमध्ये कसं होतं ते बघा. फाइल उघडली की सगळी पानं छोट्या चित्रांसारखी समोर मांडली जातात. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की लहानमोठी होतात. ज्या पानानंतर कोरं हवं त्यावर क्लिक करायचं, एडिट मेन्यूतून 'इन्सर्ट ब्लँक पेज' निवडायचं. रुंदी आणि उंची विचारणारी एक चौकट येते. त्यात निवडलेल्या पानाचंच माप आधीपासून भरलेलं असतं, आणि या सॉफ्टवेअरवर माझा जीव जडला तो याच गोष्टीमुळे. डेमी पुस्तकात डेमी कोरं पानच येतं, ए-फोर येत नाही. काहीच न निवडता पान घातलं तर मात्र चौकटीत ए-फोरचं माप असतं, म्हणून आधी क्लिक करायची सवय ठेवा. सगळ्या पानांत एकच पान मोठं निघालं की छापखान्यात पानं लावताना घोळ होतो. घातलेलं कोरं पान कॉपी करून हवं तिथे पेस्ट करता येतं, ओढून जागा बदलता येते, आणि नको वाटलं तर कंट्रोल झेड आहेच.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बाकीच्या पानांना धक्का लागत नाही. पीडीएफ वर्डमध्ये उघडून पान घालण्याचा सल्ला खूप जण देतात. इंग्रजी पत्रापुरतं ते चालून जाईल, मराठी पुस्तकाचं मात्र मातेरं होतं. जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या सरकतात, ओळी पुढेमागे होतात. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर असेल तर समोर रोमन अक्षरांचा कचराच येतो, कारण त्या फाँटांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. अरेंजर मजकूर उलगडायच्या फंदातच पडत नाही. पोटात क्यूपीडीएफ या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रामचं इंजिन आहे, ते पान जसंच्या तसं उचलून नव्या फाइलमध्ये ठेवतं. फाँट तेच, फोटोंचा दर्जा तोच. ज्याने मराठी मुद्रितशोधनासाठी रात्री घालवल्या आहेत त्याला याचं मोल सांगायला नको.

आता त्याच्या मर्यादा. पृष्ठक्रमांक आधीच छापलेले असतील तर अरेंजर ते बदलत नाही. पंधराव्या पानामागे एक कोरं घातलं की सोळा आकडा छापलेलं पान उजवीकडे येतं, आणि पुस्तकात सम आकडा नेहमी डावीकडे हवा. कोऱ्या पानावर आकडा छापत नाहीत, पण ते मोजणीत धरतात. त्यामुळे क्रमांक घातलेल्या फाइलमध्ये नुसती पानं घुसवून भागत नाही, अनुक्रमणिकाही चुकते. मी लेखकांना आधीच सांगून ठेवते, क्रमांकाशिवायची पीडीएफ पाठवा. कोरी पानं घालून झाली की मग पीडीएफ-२४ या मोफत सॉफ्टवेअरमधून क्रमांक टाकता येतात. फाइलला डिजिटल सही असेल तर पान घातल्यावर ती वैध राहत नाही, तेव्हा करारपत्रांच्या वाटेला जाऊ नका. लांबलचक ई-पुस्तकात बुकमार्क असतील तर सेव्ह केल्यावर ते उघडून तपासा. आणि सेव्ह नेहमी नव्या नावाने करा.

वेबसाइटवर फाइल चढवून हेच काम करून देणाऱ्या सेवा भरपूर आहेत, आयलव्हपीडीएफवरही कोरं पान घालता येतं. हॉलतिकीट किंवा बिल असेल तर खुशाल वापरा. पण कुणाचं अजून छापून न आलेलं हस्तलिखित मी दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवत नाही. लेखकाने ते विश्वासाने दिलेलं असतं. अरेंजरमध्ये फाइल आपल्या टेबलावरून हलत नाही. अॅडोबीचं मोफत रीडर या कामाचं नाही, पान घालायची सोय त्यांनी पैसे भरून घ्यायच्या अॅक्रोबॅटमध्ये ठेवली आहे.

एका कामासाठी मात्र मी पीडीएफसॅम बेसिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळते. सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस, इतिवृत्त, ताळेबंद, लेखापरीक्षकांचा अहवाल, अशा सुट्या फाइली जोडून पाठपोट छापायच्या असतात. नोटीस तीन पानांची असेल तर तिच्या पाठीवर इतिवृत्त सुरू होतं आणि सुटे कागद वाटताना पंचाईत होते. पीडीएफसॅमच्या मर्ज म्हणजे फाइली जोडायच्या विभागात एक पर्याय आहे: फाइलची पानं विषम असतील तर तिच्या शेवटी कोरं पान आपोआप घाल. तो निवडला की प्रत्येक फाइल नव्या कागदावर सुरू होते. तेही मोफत आहे.

मॅकवाल्यांनी मात्र वेगळं काही शोधू नये. मॅकमध्ये आधीपासून असलेल्या प्रिव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्येच एडिट, मग इन्सर्ट, मग ब्लँक पेज असं सगळं आहे. फक्त प्रिव्ह्यू बदल आपोआप सेव्ह करतं, म्हणून आधी फाइलची दुसरी प्रत काढा आणि पान तिच्यातच घाला.